रिमोट शटर म्हणजे केवळ दोन कळा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील रात्रीच्या छायाचित्रणावरचा लेख मी आवडीने वाचला. ट्रायपॉड कुठे आणि कसा रोवावा, फोकस हाताने कसा लावावा, लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवावे, याविषयी लेखकाने जे सांगितले आहे ते नेमके आणि उपयोगाचे आहे. लेखाच्या शेवटी साहित्याची जी यादी दिली आहे, तिथे मात्र माझे मत वेगळे आहे. रिमोट शटर, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता दुरून फोटो काढण्याची कळ, ही ऐपत असल्यास घ्यावयाची चैनीची वस्तू आहे, आणि घरी तयार केलेल्या रिमोटने कॅमेरा जळू शकतो म्हणून हौशी मंडळींनी त्या वाटेला जाऊ नये, अशी दोन विधाने तिथे आहेत. पहिले विधान मला पटत नाही. दुसऱ्यात थोडे तथ्य आहे, पण ते ज्या सरसकट स्वरूपात छापले गेले, त्याने एका सोप्या आणि फार शिकवणाऱ्या उद्योगापासून वाचक विनाकारण दूर राहतील, म्हणून हे पत्र.

कॅमेऱ्याचे शटर बटन ही मुळात दोन टप्प्यांची कळ असते. अर्धवट दाबले की कॅमेरा जागा होतो, फोकस लावतो आणि प्रकाश मोजतो. पूर्ण दाबले की शटर सुटते. ज्या कॅमेऱ्यांना रिमोटसाठी खाच दिलेली असते, त्या खाचेत याच दोन टप्प्यांच्या दोन तारा आणि त्या दोघींना सामाईक असलेली तिसरी तार, म्हणजे ग्राउंड, बाहेर आणून ठेवलेली असते. फोकसची तार ग्राउंडला टेकली की बटन अर्धे दाबल्यासारखे होते आणि शटरची तार टेकली की पूर्ण दाबल्यासारखे. तारेच्या साध्या रिमोटमध्ये याहून अधिक काही नसते. त्याला सेल लागत नाही. या तारांवर साधारण ३ व्होल्टच्या आसपासचा अगदी क्षीण दाब कॅमेराच स्वतः ठेवत असतो, तार ग्राउंडला टेकताच तो दाब शून्यावर येतो आणि कॅमेऱ्यातला प्रोसेसर त्यालाच आज्ञा समजतो. म्हणजेच कंपनीचा महागडा साधा रिमोट आणि घरी दोन पुश बटने लावून केलेला रिमोट, दोघेही कॅमेऱ्याला विजेच्या भाषेत एकच गोष्ट सांगत असतात.

मग कॅमेरा जळतो कधी? बाहेरून त्या तारांवर वीज चढवली तर. ही चूक सहसा पुढच्या पायरीवर होते. कुणी ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा टायमर आर्डुइनोसारख्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर तयार करतो आणि बोर्डची ५ व्होल्टची पिन सरळ कॅमेऱ्याच्या तारेला जोडतो. कॅमेऱ्याचे आतले मंडल तेवढ्या दाबासाठी केलेले असेलच असे नाही. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे: मध्ये पीसी ८१७ किंवा ४एन३५ यांसारखा ऑप्टोकपलर घालायचा. त्याच्या पोटात एका बाजूला छोटी एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांमध्ये फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. बोर्डाने एलईडी पेटवली की पलीकडचा ट्रान्झिस्टर कळेचे काम करतो आणि बोर्डाची वीज कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. दुसरा धोका जुन्या फ्लॅशचा. काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, त्यामुळे रिमोटच्या तारा आणि फ्लॅशच्या तारा एकाच डबीत कधीही आणू नयेत. लेखातील इशारा एवढ्या दोन ओळींत दिला असता, तर कुणाचे नुकसानही झाले नसते आणि कुणी घाबरलेही नसते.

प्रत्यक्ष कृतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यातली गोम जोडणीत आहे. कॅननच्या अनेक हौशी मॉडेलांना आणि पेंटॅक्सच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २.५ मिमीचा स्टिरिओ जॅक चालतो. दिसायला तो हेडफोनच्या पिनेसारखाच, पण तिच्याहून बारीक. त्यावर दोन काळ्या रेघांनी तीन भाग पाडलेले असतात. टोक शटरचे, मधली कडी फोकसची आणि बुडाचा लांब भाग ग्राउंडचा. जॅकचे झाकण उघडले की आत तीन जागा दिसतात: सर्वांत आतली टोकाची, तिच्या शेजारची कडीची आणि केबल आवळून धरणारी मोठी पट्टी बुडाची. सोल्डर करण्याआधी झाकण केबलमध्ये ओवून घ्यावे. तीन तारा सुबक जोडून झाल्यावर झाकण टेबलावरच राहिल्याचे लक्षात आले, तर सगळे उकलण्यावाचून गत्यंतर नसते. तारेच्या टोकाला आणि जॅकच्या पत्रीला आधी वेगवेगळे कथील लावून घ्यावे आणि मग दोन्ही एकत्र टेकवून सोल्डरिंगचे टोक क्षणभरच धरावे. जास्त वेळ धरले तर जॅकमधले प्लॅस्टिक वितळून कडी आणि टोक आतल्या आत एकमेकांना चिकटतात, आणि बाहेरून काही दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला कुठलीही छोटी डबी चालते. डबीच्या आत केबलला एक गाठ मारावी, म्हणजे ओढ बसली तरी ती जोडापर्यंत पोचत नाही. एक पुश बटन फोकस आणि ग्राउंडच्या मध्ये, दुसरे शटर आणि ग्राउंडच्या मध्ये. दुसऱ्या बटनाला समांतर एक सरकती कळ जोडायला विसरू नये, तिचे कारण पुढे येईल. कॅमेऱ्याला जोडण्यापूर्वी मल्टिमीटर कंटिन्यूटीवर, म्हणजे दोन टोके आतून जोडलेली असली की आवाज करणाऱ्या खुणेवर, ठेवून जॅकच्या तीन भागांच्या तिन्ही जोड्या तपासाव्यात. कुठलेही बटन न दाबता आवाज आला तर आत कुठेतरी तारा टेकलेल्या आहेत. पहिले बटन दाबल्यावर फक्त कडी आणि बूड, दुसरे दाबल्यावर फक्त टोक आणि बूड बोलले पाहिजे. जॅक आत सरकताना त्याची टोके क्षणभर भलत्याच पत्र्यांना घासून जातात, म्हणून तो खाचेत घालताना कॅमेरा बंद ठेवावा.

इथे मोनो जॅक वापरण्याचा मोह टाळावा. मोनो जॅकला मधली कडी नसते, तिच्या जागीही बूडच असते. तो खाचेत गेला की फोकसची तार कायमची ग्राउंडला टेकून राहते, कॅमेऱ्याला आपले बटन कुणीतरी सतत अर्धे दाबून धरले आहे असे वाटते, तो झोपतच नाही आणि बॅटरी उतरत जाते. कॅमेरा बिघडला असे समजून लोक तो दुरुस्तीला नेतात.

सगळ्या कॅमेऱ्यांना हाच जॅक लागत नाही, हेही स्पष्ट करायला हवे. कॅननच्या वरच्या श्रेणीतल्या अनेक मॉडेलांना कंपनीची स्वतःची तीन पिनांची खाच असते, निकॉनच्या खाचा निराळ्या असतात. अशा वेळी सुट्या मिळणाऱ्या साध्या केबलचे कॅमेऱ्याकडचे टोक ठेवून दुसरे टोक कापून घेणे सोपे. निकॉनमध्ये शटरच्या तारेबरोबर फोकसची तारही ग्राउंडला टेकलेली असावी लागते, त्यामुळे केवळ शटरचे बटन दाबून काही झाले नाही तर गोंधळून जाऊ नये. पॅनासॉनिकच्या जुन्या कॅमेऱ्यांची खाच २.५ मिमीचीच, पण तिथे तारा नुसत्या टेकवून चालत नाही. प्रत्येक टप्प्यासाठी ठरावीक रोधक (रेझिस्टर) मध्ये लागतो. जॅक बसला म्हणजे जोडणी जुळली असे नाही, कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे ती आधी पाहून घ्यावी.

आता चैनीच्या मुद्द्याविषयी. ट्रायपॉडवरचा कॅमेरा आणि समोर न हलणारी वस्तू असेल, तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर पुरतो, हे मी मान्य करतो. बोटाच्या दाबाने बसलेला धक्का तेवढ्या वेळात शमतो. पण क्षण आपल्याला निवडायचा असेल, म्हणजे फुलावर कीटक येऊन बसला आहे किंवा लाट खडकावर फुटते आहे, तर दोन सेकंद फार होतात. आणि बहुतेक कॅमेऱ्यांवर शटर जास्तीत जास्त ३० सेकंद उघडे राहते. त्याहून अधिक वेळ हवा असेल तर बल्ब मोड लावून बटन दाबूनच ठेवावे लागते. कॅमेऱ्यावरचे बटन पाच मिनिटे बोटाने दाबून ठेवले तर फोटो हलणारच. वर सांगितलेली सरकती कळ यासाठीच हवी. ती एकदा पुढे सारली की हात मोकळा.

आपल्या लेखाचा विषयच रात्रीचे आकाश होता, म्हणून हे अधिक खटकले. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतात. ते बिंदूसारखे हवे असतील तर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यासाठी ५०० ला लेन्सच्या मिमीमधल्या फोकल लांबीने भागावे, हा ढोबळ हिशेब छायाचित्रकार वापरतात. २४ मिमीच्या लेन्सला तो सुमारे २० सेकंद येतो. याउलट ध्रुवताऱ्याभोवतीची वर्तुळे हवी असतील, तर कॅमेरा सलग फोटो काढण्याच्या मोडवर ठेवून, ३० सेकंदांची वेळ लावून, सरकती कळ पुढे सारायची. एकामागून एक फोटो निघत राहतात आणि नंतर ते संगणकावर एकत्र करता येतात. विजांचे फोटोही असेच मिळतात, कारण वीज दिसल्यावर बटन दाबून उपयोग नसतो, शटर तिच्या आधीच उघडे असावे लागते. फोकस मात्र हातानेच लावून ठेवावा; तो आपोआपवर राहिला तर अंधारात लेन्स मागेपुढे शोधत बसते आणि कॅमेरा फोटो काढायलाच तयार होत नाही.

शटर दुरून सोडण्याची धडपड जुनी आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी घोड्याच्या चालीचे टप्पे टिपले, ते ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांसमोर धावपट्टीवर आडवे धागे ताणून. घोडा पुढे जाई तसे धागे ओढले जात आणि एकेक शटर सुटे. त्या वेळी असे काही विकत मिळत नव्हते, ज्याला गरज होती त्याने ते उभे केले.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उपयोग लेखात मुळीच आला नव्हता. कॅमेऱ्याचे बटन उजव्या हाताच्या तर्जनीसाठी केलेले असते. ज्यांची बोटे आजाराने, अपघाताने किंवा वयाने नीट चालत नाहीत, त्यांच्यासाठी त्या छोट्या बटनापाशी छायाचित्रण थांबते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची बोटे आजारपणानंतर वळत नाहीत. त्यांच्या खुर्चीच्या हाताला तळहाताएवढी एक मोठी कळ बसवली आहे, तिची तार ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्यात जाते आणि ते कोपराने ती दाबतात. चौकट ते मागच्या पडद्यावर पाहतात, खुर्ची थोडी पुढेमागे करून घेतात आणि मग कोपर टेकवतात. यात खास असे काहीच नाही. डबीत ३.५ मिमीचा मोनो सॉकेट बसवून त्याची एक बाजू ग्राउंडला आणि दुसरी, फोकस व शटर यांच्या तारा एकत्र करून, त्यांना जोडली की झाले. दोन्ही तारा कायमच्या एकत्र होतात, म्हणून ही डबी दोन बटनांच्या डबीहून वेगळी करावी. अपंग व्यक्तींसाठी मिळणाऱ्या अनेक मोठ्या कळांना हीच ३.५ मिमीची मोनो पिन असते, त्यामुळे पायाने, गालाने, खांद्याने, जिथे हालचाल शाबूत आहे तिथून शटर सोडता येते. तयार रिमोट एका विशिष्ट हाताला बसेल असाच येतो. घरी केलेला रिमोट माणसाच्या मापाचा करता येतो, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा तो कसा करायचा हे छापून आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्याकडे केवळ फोन आहे, त्यांनाही हे दार बंद नाही. अनेक फोनच्या कॅमेऱ्यात तारेच्या हेडफोनवरची आवाज वाढवण्याची कळ शटरचे काम करते. स्टँडवर ठेवलेल्या फोनला जुना हेडफोन लावून पाहावा.

म्हणून माझी विनंती अशी की, पुढील एखाद्या अंकात या रिमोटची आकृती आणि वरील सावधगिरीच्या सूचना द्याव्यात. आकृती देताना एक काळजी आवर्जून घ्यावी. पिनांची जागा जॅककडून पाहिल्याप्रमाणे दाखवली आहे की कॅमेऱ्याच्या खाचेकडून, हे तिच्याखाली ठळक लिहावे. कंपनीच्या बहुपिनी खाचांमध्ये या दोन आकृती एकमेकींच्या उलट असतात, आणि बहुतेक चुकीच्या जोडण्या तिथेच होतात.

आपला,
एक नियमित वाचक