थ्री नॉट थ्री घेतली रे

संज्या,

तब्येत बरी आहे, शुगर बॉर्डरवर, ते सोड. मी थ्री नॉट थ्री रायफल घेतली. खरीखुरी, कॉलेजच्या ग्राउंडवर एनसीसीत आपण सलामी शस्त्र करायचो तसली नळीला भोक पाडलेली, कवायतीपुरती डीपी नव्हे. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर तू तीन हसरी तोंडं पाठवून मोकळा झाला असतास, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

झालं असं की ऑफिसातून रिटायर झालेला एक म्हातारा आहे, त्याच्या तळघरात जुन्या फौजी बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे ओढायच्या) रायफली ओळीने उभ्या. जर्मन माउझर, रशियन मोसिन, जपानी अरिसाका. त्याने स्विस के-३१ ची बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या टोकाची पट्टी, दोन स्क्रू काढून उघडली तर आत घडी केलेला कागद, ज्या शिपायाची ती रायफल त्याचं नाव-पत्ता. स्विस लोक असे कागद ठेवायचे म्हणे. मी गारच झालो. म्हटलं आपल्याकडची एखादी मिळेल का, तर म्हातारा म्हणाला आधी लायसन्स काढ आणि एकच धागा धर, नाहीतर दिसेल ते उचलशील आणि बायको घराबाहेर काढेल.

लायसन्सचं ऐक. इथे अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांचं, संग्रह करणाऱ्यांसाठी कलेक्टरचं वेगळं लायसन्स असतं, फी ३० डॉलर, तीन वर्षं चालतं, आलेलं-गेलेलं सगळं वहीत लिहायचं, आणि मग रायफल सरळ घरी येते, ॲमेझॉनच्या खोक्यासारखी. तिकडे तुझ्या चुलत्यांची बाराबोर दर इलेक्शनला ठाण्यात जमा, २०१९ च्या कायद्यानंतर दोनच्या वर ठेवता येत नाही, आणि थ्री नॉट थ्री तर प्रोहिबिटेड बोअर, साध्या माणसाला बंदीच, म्हणून सगळे ती थ्री वन फाइव्ह घेऊन बसलेत. इथलं सोपेपण बघून मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली, खरं सांगतो.

आली तेव्हा ग्रीसने बरबटलेली होती. हेअर ड्रायर लावून, चिंध्यांनी पुसून काढली (ड्रायर तुझ्या वहिनीचा, त्यावर वेगळं पत्र लिहीन). मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू आहे, तो बंगालातल्या इशापूरच्या कारखान्याचाच, इंग्लंडच्या रायफलीला नसतो. बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच निघाला, म्हातारा खूष. बटप्लेटचं पितळी झाकण उघडलं तर आत तेलाची बाटली आणि पुलथ्रू, नळी साफ करायची दोरी! तो वास आला आणि मला एकदम आपला एनसीसीचा उस्ताद आठवला, आणि कॅम्पातलं आपलं भांडण. तुझ्या टार्गेटवर सहा भोकं होती आणि गोळ्या दिल्या होत्या पाच, सहावी माझी होती, आजही म्हणतो.

आता खरं दुखणं. बटाच्या गळ्याशी ठसा आहे, मुकुट, खाली जी आर आय (जॉर्ज राजाची अक्षरं), इशापूर, १९४२.

तुझ्या घरात हे साल दोन बाजूंनी आलं. वडिलांकडचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीपर्यंत गेलेले. आईकडचे प्रतिसरकारात, आणि त्याआधी ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चात, जिथे गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे पडले. दिवाळीला दोघं एका पंगतीत बसायचे आणि चकली 'तिकडे' द्यायची असली तर तुझ्यामार्फत. म्हणून तुला विचारतोय, ही कुणाच्या बाजूची?

म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की इंग्रजांनी तिकडे पोलिसांना, पहारेकऱ्यांना इशापूरलाच बदललेली फोर टेन बोअरची मस्केट दिली होती, आत नळी गुळगुळीत, एका वेळी एकच गोळी, हिसकावली तरी साहेबावर फार उलटू नये म्हणून. म्हणजे माझी बहुतेक फौजेची. दोन दिवस बरं वाटलं, मग आठवलं की ४२ ला फौजसुद्धा आपल्याच लोकांवर उतरवली होती. आणि पुढे १९६२ ला आपली पोरं हीच घेऊन चिन्यांसमोर उभी होती, २००८ ला सीएसटीवरही पोलिसांच्या हातात हीच. हत्यार एकच, आणि मी ते सोफ्यावर आडवं टाकून बसलोय. चिडचिड होते रे.

बरं, ठेवलीये नीट. तिजोरीत रायफल, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात, गोळी घरात एकही नाही (एकेक दोन-दोन डॉलरला जाते, परवडत पण नाही). पोरगा पंधराचा आहे, इथल्या बातम्या तू वाचतोसच. तुझी वहिनी मला काहीच बोलली नाही, फक्त किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

आणि एवढं असूनही हात शिवशिवतात. धागा सापडलाय ना, फक्त इशापूर. आता म्हाताऱ्याच्या ओळखीत एक २ए१ आहे, इशापूरचीच, साठच्या दशकातली, बाहेरून तीच पण गोळी सेव्हन सिक्स टू नाटोची, मॅगझिन बारा गोळ्यांचं. तिच्यावर मुकुट नाही, आपले सिंह. नंतर फोर टेन मिळाली तर ती पोलिसांकडची घरात आणायची का, हे मात्र तू ठरव, मला जमत नाही.

गौरीची सीईटी कशी गेली? बोअरला पाणी लागलं का, की परत तो नारळवाला बोलावलास? काकूंना नमस्कार.

आजोबांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल तर पहिल्या दोन पानांचे फोटो पाठव, सरळ धरून काढ, अंगठा मधे नको. आणि मामांनाही विचार, पण आधी त्यांचा मूड बघ. २ए१ वाला शनिवारपर्यंत थांबणार आहे.

तुझा,
पक्या