हरण्याच्या शेपटीचे केस जपणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार.

आमची मोडी लिपीतली जुनी चोपडी वाचून तुम्ही आमच्या वाडीवरून परत गेलात त्याला आज बारा दिवस झाले. तुम्हाला सगळे सर म्हणतात, पण आजीनं पहिल्या दिवशीच गुरुजी म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणते. निघताना तुमच्या पाया पडले, पण बोलायला काही सुचलं नाही. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या कितीतरी घरांत जुन्या कागदांच्या अशाच ट्रंका पडून आहेत.

आमचं घर खिलारवालं, म्हणजे खिलार जातीची जनावरं पाळणारं. आटपाडी तालुक्यातलं. आजोबांची, त्यांच्या वडिलांची सगळी हयात गाई-खोंडांत गेली. पुढे दुष्काळानं घर पांगलं. आमच्या भागातले हजारो लोक सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर गेले, तसे वडीलही गेले. मी केरळात वाढले. आजोबा गेल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली, तर आत औंध संस्थानाच्या शिक्क्याच्या पावत्या, बावीस फोटो आणि दोऱ्यानं शिवलेली एक जाड चोपडी. अक्षर सगळं मोडी. घरात कुणालाच एक ओळ वाचता येईना. आजोबा शिकले तेव्हा शाळेत मोडी होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांत ती गेली आणि आपल्याच बापजाद्यांचा हात आपल्याला परका झाला.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कुठे कुठे गेलो, ते तुम्हाला पुरतं सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण अजून आत सलतं. एका स्टुडिओवाल्यानं न विचारता दोन पावत्या लॅमिनेट केल्या. आता शंभर वर्षं काही होणार नाही म्हणाला. ते प्लास्टिक आता निघत नाही आणि आतला कागद तपकिरी पडत चाललाय, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा मला रडू आलं होतं. त्यानंच खरसुंडीच्या यात्रेतला फोटो बघून सांगितलं होतं, "कडेची बाई काढून टाकतो, बैल उठून दिसेल." मग जुने फोटो जमवणारे एक गृहस्थ आले. अकरा फोटो घेऊन गेले, चार परत दिले. आता फोन उचलत नाहीत. शेवटी शहरातल्या एका मोठ्या संस्थेत चोपडी घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले, "यात राजकीय काही नाही. बैलांच्या नोंदी कोण वाचणार? आणि हे केस कसले? आधी साफ करून आणा."

ते केस. चोपडीत एका पानावर पांढरे, लांब, राठ केस होते, सात-आठ. मी बाहेर येऊन ते झटकणारच होते. पण आजीनं निघताना बजावलं होतं, "आतलं काय बी टाकायचं न्हाई." म्हणून तसेच राहिले.

तुम्ही आलात ते एसटीनं, पिशवीत मऊ ब्रश, पेन्सिली आणि बटर पेपर घेऊन. ट्रंक तुमच्याकडे न्यायची गोष्टही काढली नाहीत. "घरातलं आहे, घरातच बघू," म्हणालात. हात धुतलेत, सोप्यात धुतलेलं धोतर अंथरायला सांगितलंत आणि मग चोपडी उघडलीत. काचेला चिकटलेला यात्रेतला फोटो ओढून काढला नाहीत. तसाच राहू द्या, वरचा थर सोलून येईल म्हणालात, आणि काचेवरूनच त्याचा फोटो काढलात.

आणि आजीला शेजारी बसवलंत. त्या तीन दिवसांतलं हे मला सगळ्यांना सांगायचं आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत अंतर नाही, सलग ओळ पळत जाते. तुम्ही वाचायचात आणि अडलात की माझ्या निरक्षर आजीला विचारायचात. एका जागी तुम्ही वाचलंत, "कोसा खोंड, दुसा, पाठीवर एक भवर." दुसा म्हणजे दोन दाती. आजी म्हणाली, "भवर न्हवं, भवरा. केसाचा भवरा. त्यो बघितल्याबिगर हेडी हात लावत न्हाई." हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. तुम्ही खोडलंत आणि तिनं सांगितलं तसं लिहिलंत. मग ती खुललीच. कुठली कालवड कुणाच्या वळूची, यात्रेत रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा व्हायचा, खिलारातला काजळी आणि कोसा कसा ओळखायचा, सगळं सांगत सुटली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला तिच्याच घरात आजवर कुणी इतकं विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी ते पान आलं. १९७२ चं. वरच्या नोंदींत दर, गिऱ्हाईक, गाव, सगळं होतं. इथे फक्त "हरण्या. चौसा. दिला." म्हणजे हरण्या नावाचा चार दाती बैल दिला. आकडा नाही. तुम्ही दोनदा वाचलंत आणि आजीकडे बघितलंत. आजी जरा वेळ बोललीच नाही. मग सांगितलं, की वैरण नव्हती, पाणी नव्हतं, दावणीला बांधून मरू देण्यापेक्षा पाणी असलेल्या गावच्या एकाला बिनपैशानं दिला. दुसऱ्या दिवसापासून आजोबा आणि आजी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. मदतीत मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. जनावर दिलं तरी दावं द्यायचं नाही अशी आमच्या घरची रीत. आजोबांनी दावं ठेवलं आणि शेपटीचे थोडे केस तोडून वहीत ठेवले. पन्नास वर्षं ते कुणाला बोलले नाहीत.

तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमचे फोटो आणि कागद बटर पेपरात घालून दिलेत, त्यांवर नंबर घातलेत आणि गेलात. तुम्ही गेल्यावर रात्री मी चोपडी उघडली. त्या पानावर बटर पेपरची बोटभर पुडी होती, कडा नीट दुमडलेल्या, गोंद नाही, टेप नाही. आत केस. वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात, "हरण्याचे. याच पानावर राहू द्यावेत."

गुरुजी, त्या पुडीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. मोडी वाचणारे आणखीही असतील. पण एका साहेबाला जी घाण वाटली, तीच तुम्ही कागदाइतकी मोलाची धरलीत. कुणी बघत नसताना एक-एक केस उचलून ठेवलात. पुडी आजीच्या हातात दिली, तर तिनं ती उघडली नाही, नुसती गालाला लावली. चांगुलपणा म्हणजे काय, हे मला लहानपणापासून पुष्कळांनी शिकवलं, पण त्या रात्री तो माझ्या हातात होता. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या दुःखाला धक्का न लावता त्याच्या शेजारी बसणारी फार थोडी.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. एसटीच्या तिकिटाचेसुद्धा. फक्त भाकरी आणि शेंगाची चटणी नेलीत. डबा तुमच्याकडेच असू द्या. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला या, तेव्हा भरून देऊ.

एक सांगायचं राहिलं. यात्रेतल्या फोटोत कडेला अर्धी दिसणारी ती बाई, जिच्याबद्दल तुम्ही तीनदा विचारलंत आणि आजीला आठवेना, ती काल रात्री आठवली. आजी झोपेतून उठून बसली आणि मला हाक मारली. पलीकडच्या वस्तीवरची, आमच्याकडे वैरण कापायला यायची. हरण्या खोंड असताना तिच्याच हातनं खायचा. मी लगेच दिवा लावला आणि तुम्ही ठेवून गेलेल्या मऊ पेन्सिलीनं फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहिलं. कडेला, दाब न देता, तुम्ही दाखवलं होतं तसं.

तुमची,
आजीची नात