सम्पमधली आठ सेंटिमीटर जास्तीची काच : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : खाऱ्या पाण्याच्या फिश टँकसोबत दिलेल्या सम्पची सदोष बांधणी, दुरुस्ती व नुकसानभरपाईची मागणी.

महोदय / महोदया,

टँक, स्टँड, सम्प (टँकखाली स्टँडमध्ये बसणारी, पाणी साफ करण्याची टाकी), स्किमर (फेस करून पाण्यातली घाण कपात काढणारे यंत्र) आणि रिटर्न पंप (सम्पमधले पाणी परत वर टँकमध्ये नेणारा) असा पूर्ण संच मी आपल्या कंपनीकडून घेतला. टँकचा तळ १२० बाय ४५ सेंटिमीटर. सम्प ७५ बाय ३५, उंची ४०. पाइपिंगपासून पहिल्या चाचणीपर्यंत सगळे आपल्याच तंत्रज्ञाने केले आणि बिलात ‘इन्स्टॉलेशन’ची रक्कम वेगळी लावली. असे असूनही लाईट गेली की सम्प भरून वाहत होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे आपल्या तंत्रज्ञाला माहीत नसेल असे नाही. तोंडी तक्रार केल्यावर आपल्या प्रतिनिधीने ‘रिटर्न लाइनला एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवून घ्या’ असे सांगून व्हॉल्व्हची किंमत कळवली. म्हणून आता लेखी कळवत आहे.

पाणी फरशीवर का येते, हे टेप घेऊन मोजले की कळते. रिटर्नचे नोझल पाण्याच्या पातळीच्या ७ सेंटिमीटर खाली आहे. पंप बंद पडला की त्याच पाइपातून पाणी उलटे खाली ओढले जाते आणि नोझलच्या तोंडात हवा शिरेपर्यंत थांबत नाही. १२० गुणिले ४५ गुणिले ७, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स (टँकमधले पाणी खाली सम्पकडे सोडणारा कप्पा) आणि पाइपांतले सुमारे ४ लिटर धरून ४२. सम्पमध्ये बॅफलची, म्हणजे कप्पे पाडणारी, काच ३० सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे वर १० सेंटिमीटर मोकळे : २६ लिटर. रिटर्न चेंबर, म्हणजे पंपाचा कप्पा, २० सेंटिमीटर लांब आहे आणि त्यातली पातळी बॅफलच्या ८ सेंटिमीटर खाली असते, तिथे आणखी साडेपाच. एकूण ३२ लिटरची जागा आणि येणारे पाणी ४२ लिटर. उरलेले १० लिटर माझ्या हॉलमध्ये. स्किमरने आणि पंपाने अडवलेली जागा यात धरलेली नाही. ती धरली तर हिशेब आपल्याला आणखी महागात पडेल.

‘सम्पमध्ये पाणी कमी भरा’ हा सल्लाही मिळाला. तो देणाऱ्याने सम्प चालू स्थितीत पाहिला आहे का, अशी शंका येते. पाणी कितीही भरा, स्किमर चेंबरमधली पातळी बॅफलच ठरवते. कमी-जास्त होते ते फक्त रिटर्न चेंबरमध्ये, आणि तिथे एक सेंटिमीटर म्हणजे ७०० मिलिलिटर. त्यातून १० लिटरची जागा काढायची तर पातळी २२ वरून ८ सेंटिमीटरवर आणावी लागेल आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढेल.

एनआरव्हीबद्दल माझे म्हणणे असे : तो असायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर सम्पमधली मोकळी जागा कापता येत नाही. खाऱ्या पाण्यात झडपेवर क्षार आणि शेवाळ बसते. वाळूचा एक कण अडकला तरी ती नीट मिटत नाही आणि हे कळते ते लाईट गेल्यावरच.

काच ३० ऐवजी २२ सेंटिमीटरची असती, तर ४७ लिटर मावले असते आणि हे पत्र लिहावे लागले नसते. २२ हा आकडा मी मनाने काढलेला नाही. आपणच दिलेल्या स्किमरच्या पुस्तिकेत पाण्याची खोली १८ ते २२ सेंटिमीटर ठेवा असे छापले आहे. ३० सेंटिमीटरमध्ये त्याचा कप सकाळपर्यंत फिक्या, पातळ पाण्याने भरलेला असतो. गडद, घाण वासाचा फेस जमतच नाही. ते खारे पाणी ओतून द्यावे लागते, त्या जागी ऑटो टॉप-अप (कमी झालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) आरओचे गोडे पाणी भरतो आणि क्षारता (सापेक्ष घनतेत) १.०२५ वरून घसरत जाते. स्किमर उंच ठेवायला खाली स्टँड घालून पाहिला, तर टँकच्या तळाला टेकतो की काय अशी अवस्था. कप काढायला हात जात नाही. शिवाय रिटर्न चेंबरमध्ये पाणी आठ सेंटिमीटरवरून धबाधबा पडते, त्याचे बारीक बुडबुडे दिवसभर वरच्या टँकमध्ये फिरतात.

आता सर्वांत गंभीर बाब. आपल्या तंत्रज्ञाने विजेचा बोर्ड स्टँडच्या आत, तळाच्या फळीवर स्क्रूने ठोकला आहे. सम्प वाहिला की पाणी आधी तिथेच जमते. लाईट परत आली तेव्हा घरातला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. बोर्ड वरच्या बाजूला आडव्या पट्टीवर लावावा आणि वायरींना खाली झोळ ठेवावा, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाही, हे या कामातले अगदी प्राथमिक शिक्षण आहे. तळाची फळी पार्टिकल बोर्डची निघाली. ती फुगून दरवाजा घासू लागला आहे.

ड्रेनचा पाइप एकच आहे, एक इंची. त्यात गोगलगाय अडकली तर रिटर्न चेंबरमधले पाणी वरच्या टँकमधून बाहेर येईल. दुसरा, आपत्कालीन पाइप का दिला नाही, याचे उत्तर हवे आहे.

(जाता जाता : आपल्या माहितीपत्रकात याच संचात जिवंत प्रवाळ दाखवले आहेत. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरी पाळता येत नाहीत. माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी आणि गोबी आहेत. पण नवखा ग्राहक ते चित्र पाहून काय मागेल, याचा विचार व्हावा.)

सध्या मी नोझलला कोपर (पाइपचा वाकडा जोड) लावून तोंड पृष्ठभागाजवळ आणले आहे, त्यामुळे पूर थांबला. त्यावरून तक्रार मिटली असे कृपया समजू नये. कोपराला धक्का लागला की पुन्हा तेच, आणि स्किमरचे दुखणे तर जसेच्या तसे आहे.

माझी मागणी अशी. २२ सेंटिमीटरचे बॅफल असलेला सम्प आपल्या खर्चाने बदलून द्यावा. स्टँडच्या मधल्या खांबामुळे आताचा सम्प दारातून निघत नाही, टँक बसवण्याआधी तो आत ठेवला होता. तेव्हा टँक रिकामा करणे, मासे तेवढा वेळ नीट सांभाळणे आणि पुन्हा लागणारे मीठ हेही आपल्याकडे. जागेवरच काच कापून नवी चिकटवू, असे म्हणत असाल तर सिलिकोन पूर्ण वाळेपर्यंत सम्प कोरडा ठेवावा लागेल, त्याची व्यवस्था आधी लेखी कळवावी. तळाची फळी बदलावी, बोर्ड वर घ्यावा, आपत्कालीन ड्रेन बसवावा. काम झाल्यावर माझ्यासमोर पंपाचा मेन स्विच बंद करून चाचणी द्यावी; तंत्रज्ञ गुरुवारी आला तर तेवढेही कष्ट नकोत.

‘वॉरंटी फक्त गळतीला आहे’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. सम्प गळत नाही, तो चुकीचा बनवला आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पुणे जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही, याची आपल्या विधी विभागाला कल्पना असेलच.

कळावे,

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, टेप लावून काढलेले सम्पचे फोटो, स्किमरच्या पुस्तिकेतील पान, फुगलेल्या फळीचा व बोर्डाचा फोटो.