याकोबी चर्चचा ऑर्गन

हॅम्बर्ग

प्रिय विन्या,

तुझी पायपेटी दुरुस्तीला गेल्याचं कळलं. कारागीर सगळे सूर नवे बसवायचे म्हणत असेल, तर जरा थांब. इथल्या एका ऑर्गनमुळे त्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय.

शहराच्या मध्यवस्तीत सेंट याकोबी नावाचं विटांचं चर्च आहे. त्याचा पहिला उल्लेख १२५५ चा. तिथला पाइप ऑर्गन आर्प श्निट्गर नावाच्या कारागिराने १६८९ ते १६९३ मध्ये बांधला. हातांसाठी चार कीबोर्ड, पायांसाठी वेगळा, स्टॉप (म्हणजे एकेका जातीच्या आवाजाचे नळ्यांचे संच) ६०, आणि नळ्या जवळजवळ ४०००! तुझ्या पेटीतल्यासारखी पत्ती थोड्याच नळ्यांत असते, बाकीच्या बासरीसारख्या बोलतात. खर्जाचे दोन स्टॉप ३२ फुटी आहेत. ते वाजले की सूर कानाआधी बाकाच्या फळीतून अंगात येतो.

पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच. श्निट्गर त्या काळातला मोठा माणूस, तरी त्याने आधीच्या ऑर्गनच्या चांगल्या नळ्या फेकल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या नळ्या उचलल्या आणि आपल्या नळ्यांच्या शेजारी उभ्या केल्या. म्हणजे १६९३ चा म्हणतात तो ऑर्गन तेव्हाही पूर्ण नवा नव्हताच.

१७२० मध्ये इथली ऑर्गनवादकाची जागा रिकामी झाली आणि अर्ज करणाऱ्यांत कोण? साक्षात थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख! त्याच वर्षी त्याची पहिली बायको वारली होती. तो हॅम्बर्गला आला, शेजारच्या काथरीना चर्चमध्ये तिथल्या म्हाताऱ्या ऑर्गनवादकासमोर, राइंकनसमोर, दोनेक तास वाजवलं, म्हातारा खूश झाला. पण याकोबीच्या परीक्षेआधीच त्याला नोकरीच्या गावी, कोथेनला, परतावं लागलं. मंडळी त्याच्या पत्राची वाट बघत राहिली, आणि शेवटी नकार आला. जागा हाइटमन नावाच्या माणसाला मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात त्याने चर्चच्या तिजोरीत ४००० मार्क भरले. देणगी म्हणायची, झालं! इथला पाद्री नॉयमाइस्टर इतका चिडला की ख्रिसमसच्या प्रवचनात म्हणाला, बेथलेहेमचा एखादा देवदूत स्वर्गातून आला आणि दैवी वाजवू लागला, तरी खिशात पैसे नसतील तर त्याने आल्या वाटेने उडून जावं. हा किस्सा संगीतलेखक मॅथेसनने लिहून ठेवलाय. आपल्याकडच्या नाट्यसंस्थांची आठवण झाली ना?

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, दर्शनी भागातल्या कथलाच्या नळ्या सरकारने धातूसाठी काढून नेल्या. ऑर्गनची कदर तेव्हा फारशी कुणाला नव्हतीच. हान्स हेनी यान हा लेखक, ऑर्गनचाही मोठा जाणकार. विसाव्या शतकाच्या विशीत त्याने याच्यामागे लागून लोकांचे कान उघडले. मग १९४२ मध्ये शहाण्या लोकांनी नळ्या आणि त्यांना वारा पुरवणाऱ्या पेट्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या. १९४४ मध्ये चर्चवर बॉम्ब पडले. कोरीवकामाची भव्य चौकट जळाली, सूर तेवढे वाचले.

युद्धानंतरच्या डागडुजीत मूळ वळण बरंच हरवलं. ते परत आणलं युर्गेन आरेंड या ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने, १९९३ मध्ये, बरोबर तीनशेव्या वर्षी. त्याने चौकट आणि दर्शनी नळ्या पुन्हा घडवल्या, आणि जुन्या नळ्यांचे दुखावलेले गळे एकेक करून सुधारले. चर्चमध्ये १९६० च्या सुमाराचा, केंपर नावाच्या कारागिराचा दुसरा ऑर्गनही आहे. चांगला आहे, पण माझा जीव त्यात अडकत नाही.

आता तुझ्या कामाचं. आरेंडने हा ऑर्गन आजच्या पेटीसारखा समान अंतरांवर लावलेला नाही. पेटीचा गंधार चढा असतो अशी कुरकुर तू आयुष्यभर केलीस. आकाशवाणीनेही १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली, त्यामागे मींड निघत नाही आणि सूर असे कृत्रिम लागतात ही दोन्ही दुखणी होती. इथे नेहमीच्या पट्ट्यांतला गंधार शुद्धाच्या बराच जवळ आणलाय. त्याची किंमत लांबच्या, म्हणजे क्वचित वापरायच्या पट्ट्या मोजतात, त्या जरा आंबट लागतात. शिवाय सगळी उंचीच वेगळी: पांढरी एक दाबली की आपल्याला पांढरी दोनच्या आसपासचा सूर ऐकू येतो. तुझ्या गायकांची पंचाईत!

व्हिसाचं लवकर बघ. आपण दोघं मिळून इथल्या ऑर्गनवादकाला एखाद्या लांबच्या पट्टीत काहीतरी वाजवायची विनंती करू. तो आंबटपणा किती, हे मला तुझ्या कानांनी मोजून हवंय. आणि कारागिराला तोवर जुन्या सुरांना हात लावू देऊ नकोस, नुसता भाता बदलायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या