माथेरानच्या घोडवाटांच्या दुरुस्तीसाठी आवाहन

माथेरानप्रेमी नागरिकांस आणि घोडेस्वार मित्रांस सप्रेम नमस्कार.

माथेरानमधील घोडेवाले, येथील रहिवासी आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याहून रपेटीसाठी वर येणारे हौशी घोडेस्वार यांच्या स्थानिक समितीच्या वतीने आम्ही हे आवाहन करीत आहोत. बाजारपेठेकडून शार्लोट तलावाकडे आणि तेथून लुईझा व इको या पॉइंटांकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा दर पावसाळ्यात थोड्या थोड्या वाहून जात आहेत. पावसाळ्यापूर्वी या वाटांवर पाणी बाजूला काढणारे आडबंध घालणे आणि पाऊस सरल्यावर वाहून गेलेली माती पुन्हा भरणे, या दोन कामांसाठी आम्हाला आपल्याकडून पैसा हवा आहे, आणि शक्य असेल त्यांच्याकडून अंगमेहनतही.

माथेरान आणि घोडा यांचे नाते पर्यटनाच्या फार आधीपासूनचे आहे. 1850 साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावाकडून हा डोंगर चढून आले आणि त्यानंतर येथे वस्ती वाढू लागली. परंतु नेरळहून येणारी छोटी रेल्वे सुरू व्हायला 1907 साल उजाडले. मधल्या काळात येथे आलेला माणूस आणि त्याचे सामान एक तर घोड्याच्या पाठीवरून किंवा माणसांच्या खांद्यावरून वर आले. पुढे मोटारींना गावात मज्जाव राहिला, 2003 साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि त्यामुळे आजही दस्तुरी नाक्याच्या अलीकडे वाहन सोडून आत शिरावे लागते. महाराष्ट्रात हौशी माणसाला मोटारीचा धक्का न लागता मैलोन्मैल घोड्यावरून हिंडता येईल अशी दुसरी जागा आमच्या माहितीत नाही.

ही रपेट ज्यांनी केली आहे त्यांना वाटेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. बाजारपेठ मागे पडली की जांभूळ, अंजनी आणि हिरडा यांची सावली सुरू होते, वाट अरुंद होते, आणि कदम चालीने चाललेल्या घोड्याच्या टापांचा आवाज मातीत जिरून केवळ खोगिराच्या चामड्याची करकर ऐकू येत राहते. सरावलेला घोडा लगाम सैल सोडला तरी मान खाली घालून स्वतःच वाट निवडतो. उतार आला की मागचे पाय अंगाखाली घेतो आणि पुढचे पाऊल पूर्ण टेकल्यावाचून दुसरे उचलत नाही. तलावाकाठी पिसारनाथाचे देऊळ आहे, तेथे थांबून पुढे लुईझा पॉइंटवर पोहोचले की समोर प्रबळगड उभा असतो. याच घोड्याला पेव्हर ब्लॉक बसवलेल्या मुख्य रस्त्यावर आणले, तर तो मान आखडतो आणि पाऊल चाचपत टाकतो, कारण लोखंडी नालाला गुळगुळीत पृष्ठभागावर पकड मिळत नाही. घोड्याच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भार एरवीच पुढच्या पायांवर असतो; उतरणीवर तो आणखी वाढतो, आणि त्यात पाठीवर स्वार असताना पाय घसरला तर दोघांचीही धडगत नसते.

मातीची वाट घोड्याला मानवते, मात्र तिची निगा राखावी लागते, आणि नेमकी हीच गोष्ट वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली आहे. माथेरानात पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जांभ्याची माती कोरडी असताना घट्ट भासते, पण घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पायांनी वरचा थर भुसभुशीत झालेला असतो, हे आम्हा घोडेवाल्यांना प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर हा थर सुटतो. वाटेच्या मधोमध पाण्याची एक बारीक धार तयार होते, पुढच्या सरीला तीच धार वाट खणू लागते, आणि ऑगस्टपर्यंत तेथे गुडघाभर खोल घळ पडलेली असते. घळ पडली की घोडेही कडेने चालू लागतात आणि माणसेही. मग कडेची माती सुटते, वाट रुंदावत जाते, आणि शेजारच्या झाडांची मुळे उघडी पडतात. काही ठिकाणी ही मुळे आज जमिनीपासून वीतभर वर आलेली आहेत. त्यांत घोड्याचा खूर अडकतो, नाल निसटतो, आणि ज्या झाडांच्या सावलीसाठी लोक येथे येतात ती झाडे हळूहळू आधार गमावतात. पावसात कोसळलेल्या एका जुन्या जांभळीच्या बुंध्याखाली मातीऐवजी नुसती पोकळी होती, हे आमच्यातील अनेकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे.

यावर फरसबंदी हा उपाय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि आता तो मार्ग मोकळाही राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिलेल्या आदेशात माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले; त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसविण्यास मुभा दिली, मात्र गावातील अंतर्गत रस्ते आणि पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटा यांवर ते बसवू नयेत असे बजावले. त्या वाटा मातीच्याच राहणार, याचा आम्हाला आनंद आहे. परंतु मातीच्या राहणार म्हणजे आपोआप टिकणार असे नाही, आणि मुख्य रस्त्याचा प्रश्न सुटला की आडवाटांकडे कोणी फिरकत नाही, हा सर्वत्रचाच अनुभव आहे.

काम साधे आहे, पण कष्टाचे आहे. चढाच्या वाटेवर ठराविक अंतराने जांभ्याच्या चिऱ्यांचे आडवे बंध जमिनीत पुरायचे असतात. हे बंध वाटेला काटकोनात घालून चालत नाहीत; ते तिरके घालावे लागतात, म्हणजे पाणी त्यांच्यामागे तुंबून राहत नाही, तर उताराच्या अंगाला निघून जाते. चढ जितका तीव्र, तितके बंध जवळजवळ. चिऱ्याचा वरचा काठ मातीच्या पातळीहून फार वर ठेवला तर घोडा अडखळतो आणि फार खाली ठेवला तर पाणी वरून उडी मारते, त्यामुळे प्रत्येक बंध घातल्यावर त्यावरून घोडा चालवून पाहणे हाच आमचा मोजमापाचा खरा दाखला राहील. बंधाच्या तोंडाशी चर काढायचा, तो पालापाचोळ्याने बुजणार नाही हे पावसाळाभर पाहायचे, आणि पाऊस ओसरल्यावर उताराच्या पायथ्याशी साचलेली आपलीच माती गोणींत भरून पुन्हा वर आणायची. येथे टेम्पो येत नाही. चिरे, माती आणि अवजारे हे सारे दस्तुरीपासून मालवाहू घोड्यांच्या पाठीवर, दोन्ही अंगांना गोण्या तोलून न्यावे लागते, आणि म्हणून खर्चाचा मोठा भाग वाहतुकीवर व मजुरीवर होणार आहे. पायथ्याच्या पाड्यांवरील आदिवासी बांधवांना या कामात मजुरीत प्राधान्य द्यावे, असे समितीने ठरविले आहे. डोंगरउतारावरचे पाणी कसे वळते हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

नगरपरिषद आणि वन विभाग यांच्या लेखी परवानगीशिवाय या कामात एकही दगड हलविला जाणार नाही. उघड्या पडलेल्या मुळांवर माती चढविताना सिमेंटचा वापर कोठेही होणार नाही. कामाचा क्रम असा राहील: पहिल्या वर्षी तलावाकडील चढाचा सर्वांत खचलेला भाग, आणि तो एक पावसाळा टिकला तरच पुढच्या भागाला हात घालायचा. घाईने सगळीकडे थोडे थोडे काम करून छायाचित्रे काढण्यात आम्हाला रस नाही.

पावसाळ्यात पर्यटक आटले की घोड्यांच्या चंदीचा आणि औषधपाण्याचा प्रश्न येथे दरवर्षी उभा राहतो, तो वेगळा आहे. या आवाहनातून जमणारा निधी केवळ वाटांच्याच कामी येईल. देणगी धनादेशाने अथवा समितीच्या बँक खात्यात थेट जमा करावी. रोख रक्कम कोणीही, अगदी समितीच्या सदस्यानेही, मागितली तर देऊ नये. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि चिरे, वाहतूक व मजुरी यांचा हिशेब बाजारपेठेतील समितीच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल. रक्कम लहान आहे म्हणून कोणी संकोच करू नये; एका घोड्याची एक खेप निघेल एवढी देणगीही कामाचीच आहे.

ज्यांना पैशापेक्षा वेळ देणे सोयीचे आहे, त्यांनी एप्रिल आणि मे महिन्यांतील शनिवार-रविवारी श्रमदानास यावे. स्थापत्य अभियंते, मृदासंधारणाचे काम केलेले कृषी खात्यातील निवृत्त अधिकारी आणि पाणलोटाच्या कामाचा अनुभव असलेले ग्रामस्थ यांचा सल्ला आम्हाला विशेष हवा आहे. घोडेस्वार मित्रांना आणखी एक विनंती: काम चालू असेल तेवढे दिवस या वाटांवर घोडा दौडवू नये, भरलेल्या नव्या मातीवरून एकामागे एक अशा रांगेने कदम चालीनेच जावे, आणि ओल्या दिवशी घोडेवाल्याने ‘आज त्या वाटेने नको’ असे सांगितले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

श्रमदानासाठी येणाऱ्यांनी जाड तळव्याचे बूट, डोक्याला टोपी आणि पिण्याचे पाणी बरोबर आणावे. घमेली, फावडी, पहारी व दुपारचे जेवण समितीकडून मिळेल. धनुर्वाताची लस घेतलेली नसल्यास ती आधी घेऊन यावी, कारण घोड्यांच्या लिदीने भरलेल्या मातीत हात घालायचा आहे. बंधांचे काम मेअखेर पूर्ण व्हायला हवे असल्याने चिऱ्यांची मागणी मार्चमध्येच नोंदवावी लागेल. तरी देणगीदारांनी शक्यतो फेब्रुवारी संपण्यापूर्वी रक्कम जमा करावी, ही नम्र विनंती.

आपली,
घोडवाट दुरुस्ती समिती, माथेरान