डब्यातलं वावडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मागच्या हिवाळ्यात मुलीकडे कॅनडात, ओंटारिओतल्या मिसिसागाला राहायला गेले होते. संक्रांतीला नातवाच्या डब्यात मोठ्या हौसेने तिळगुळाचे दोन लाडू दिले, दाण्याचं कूट घालून. संध्याकाळी लाडू जसेच्या तसे परत आले, सोबत बाईंची चिठ्ठी : वर्गातल्या एका मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, पुन्हा पाठवू नका. मला राग आला. इतकी वर्षं शाळेत काढली, आमच्या पोरांना नव्हती कधी असली थेरं, असं मी बोलूनही गेले.

दोन दिवसांनी त्या मुलीची आई घरी आली, भांडायला नव्हे, शिकवायला. तिच्या हातात जाड मार्करएवढं एक इंजेक्शनचं पेन होतं, सुई नसलेलं, सरावाचं. निळं टोक आभाळाकडे, केशरी टोक मांडीकडे, असं तिथल्या पोरांनाही पाठ असतं. निळी टोपी काढायची, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, टक्‌ आवाज आला की तीनपर्यंत मोजायचं. कपड्यावरूनही चालतं. मी पहिल्याच खेपेला उलटं धरलं. खरं पेन असतं तर सुई माझ्याच अंगठ्यात गेली असती. खऱ्या पेनात ॲड्रेनलिन असतं. घसा सुजून श्वास कोंडायला लागला की तेच लागतं. पित्ताच्या गोळीने अंगावरच्या गांधी बसतील, श्वासनलिका उघडणार नाही.

मग कळलं की या सगळ्यामागे तिथे कायदा आहे, आणि त्याला एका शाळकरी मुलीचं नाव आहे : सब्रिनाचा कायदा. सब्रिना शॅनन ओंटारिओतल्याच पेम्ब्रोक गावची. दाणे, दूध, सोयाबीन, तिन्हींचं तिला वावडं. पण ही पोर गप्प बसणारी नव्हती. प्राथमिक शाळेत असतानाच तिने सीबीसी या तिथल्या सरकारी रेडिओसाठी एक माहितीपर कार्यक्रम केला होता, ॲलर्जी घेऊन जगणं म्हणजे काय हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा. सप्टेंबर २००३ मध्ये, नुकतीच हायस्कूलला गेलेली असताना, तिने शाळेच्या उपाहारगृहात बटाट्याचे तळलेले काप घेतले. कशात तळलेत हे विचारूनच घेतले. पण ज्या चिमट्याने ते वाढले, त्याच चिमट्याला चीज लागलेलं असावं, असं पुढे समोर आलं. वर्गात तिला धाप लागली. तिला आधी वाटलं, आपला दमाच उचल खातोय. पेन होतं, पण तिच्या लॉकरमध्ये. ते आणेपर्यंत ती कोसळली, वाचली नाही. वय तेरा.

तिची आई सारा शॅनन यांनी पाठपुरावा केला आणि १ जानेवारी २००६ पासून कायदा लागू झाला. या कायद्याने शेंगदाण्यावर बंदी घातलेली नाही. प्रत्येक शाळा मंडळाचं धोरण हवं, कर्मचाऱ्यांचं नियमित प्रशिक्षण हवं आणि अशा प्रत्येक मुलासाठी त्याची स्वतःची योजना लिहून ठेवलेली हवी, एवढं तो सांगतो. डबे परत पाठवणं ही शाळांची आपली शिस्त.

हे ऐकताना मला आठवत होती एक २६ जानेवारी, नव्वदच्या दशकातली, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या दोन शिक्षकी शाळेतली. झेंडावंदनानंतर चिक्की वाटली. तिसरीतला एक मुलगा घेईना. ‘खाऊला नाही म्हणू नये,’ असं म्हणत मीच ती त्याच्या हातावर ठेवली आणि खाईपर्यंत समोर उभी राहिले. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर लाल गांधी आल्या, मग खोकला. आम्ही म्हणालो, पित्त उठलं. आमसुलं भिजवून अंगाला चोळली. त्याला उलटी झाली आणि नशिबाने उतार पडला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेच्या दारात उभी : ‘बाई, त्याला शेंगा सोसत न्हाईत. त्यो सांगत व्हता न्हवं?’ होय, सांगत होता. मी त्याला नखरे म्हणाले होते.

आपल्या भाषेत ‘वावडं’ हा शब्द आहे, त्याअर्थी आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. शाळेच्या दप्तरात मात्र तो शब्द कुठे नाही. प्रवेश अर्जात जात, धर्म, जन्मखूण सगळं विचारतात. मुलाला काय सोसत नाही हे मी तरी कधी कुणाला विचारलं नाही. बाजारातल्या बंद पाकिटावर दूध, अंडं, शेंगदाणा, सोया, गहू, मासे यांचा उल्लेख हवाच, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. शाळेच्या पातेल्याला कोण लेबल लावणार? २०२३ च्या नोव्हेंबरपासून पोषण आहारात अंडी आली तेव्हा वाद झाला तो कोण खातो आणि कोण खात नाही यावर. कुणाला सोसत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही.

शेंगदाणा बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. गरिबाच्या पोराला स्वस्तात प्रथिनं देणारी ती वस्तू आहे. आषाढी एकादशीला अर्ध्या वर्गाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी असते आणि उरलेला अर्धा वर्ग ती मागून खातो. ते थांबवता येणार नाही, थांबवूही नये.

आणि तिकडच्यासारखी पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मिळाली तरी परवडायची नाहीत, हे कबूल. पण ॲड्रेनलिनची साधी कुपी स्वस्त आहे. गावात लसीकरण असतं तेव्हा आरोग्य सेविकेच्या पिशवीत ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यासाठीचं किट असतं, त्यात ती असते, आणि वेळ आली तर कशी द्यायची हे तिला शिकवलेलं असतं. म्हणजे औषध गावापर्यंत पोचलंय, शाळेशी त्याची गाठ पडलेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. दात, डोळे, वजन पाहतात. तेव्हाच पालकांना बोलावून वावडं विचारावं, ते हजेरीपटात आणि स्वयंपाकाच्या खोलीत दारामागे लिहावं, वाढायचे डाव वेगळे ठेवावेत. श्वास लागला तर आमसूल शोधत न बसता १०८ ला आणि आरोग्य केंद्राला फोन कोणी करायचा, हे आधी ठरवावं. शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी एका परिपत्रकावर सह्या केल्या तर यातलं बरंचसं येत्या जूनपासून होऊ शकेल.

मात्र परिपत्रक काढून विसरून चालणार नाही. लंडनमधल्या करणबीर चीमा या तेरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर २०१७ मध्ये शाळेत दुसऱ्या मुलाने चीजचा तुकडा टाकला, त्यात तो गेला. शाळेत त्याच्यासाठी पेन ठेवलेलं होतं. त्याची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती.

माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलले. ते म्हणाले, ‘बाई, वरून पत्र आल्याशिवाय अर्जात रकाना वाढवता येत नाही.’ मग मी म्हटलं, अर्जात नको, वहीत लिहा. दोनशे पानी वही मी देते. शाळा उघडली की पहिल्या पालकसभेला ती घेऊन जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा