मांजर देऊन टाका, असं सांगण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहींच्या दिनक्रमावरचा लेख वाचला. वेळच्या वेळी जेवण, जेवणानंतर थोडी हालचाल, पायांची रोज तपासणी, हे सगळं त्यात नेमकेपणानं सांगितलं आहे आणि स्वतः इन्सुलिन घेणारी रुग्ण म्हणून मला ते पटलं. शेवटी मात्र, घरात मांजर असेल तर ते शक्यतो दूर करावं, असं एका वाक्यात सांगून लेख संपतो. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. भुऱ्या हा उतारवयाला लागलेला बोका आणि चिमी त्याच्याहून बरीच लहान. मला मधुमेह आहे आणि भुऱ्यालाही आहे. मांजराला मधुमेह होतो हेच अनेकांना खरं वाटत नाही. पण तो होतो, आणि बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखाच असतो. शरीर इन्सुलिनला पुरती दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही थकतं. वजन वाढलेले, नसबंदी झालेले, वय झालेले बोके त्यात जास्त सापडतात. भुऱ्या तिन्ही बाबतींत त्यांच्यातलाच.

त्याचा आजार मला कळला तो मातीच्या ट्रेमुळे, म्हणजे मांजरांच्या शी-शूसाठी माती भरून ठेवतात त्या ट्रेमुळे. ट्रे मी रोज साफ करते. लघवीनं मातीचे जे गोळे होतात ते मोठे व्हायला लागले, पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलं, आणि खाणं चांगलं असूनही पाठीचा कणा हाताला लागू लागला. माझ्या निदानाआधी माझीही हीच गत होती, रात्री उठून पाणी आणि पुन्हा बाथरूम. त्यामुळे त्याला डॉक्टरांकडे न्यायला मी वेळ लावला नाही. दवाखान्यात नुसत्या भीतीनंही मांजराची साखर ३०० पर्यंत चढू शकते, म्हणून त्याच्या डॉक्टर एका आकड्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी फ्रुक्टोसामीन तपासलं. आपली एचबीएवनसी ही रक्ततपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, तर ही तपासणी आधीच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. निदान पक्कं झालं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात इन्सुलिन घेणारे दोघे झाले.

माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, तेव्हा फोनवर मला समजावलं. "तुझं तुला होत नाही, त्यात त्याचं कुठे करत बसतेस? कुणाला तरी देऊन टाक." ती माझ्या काळजीनंच बोलत होती. पण आजारी, म्हातारा बोका दिवसातून दोनदा सुई टोचायला कोण घेणार, हा प्रश्न मी तिला विचारला आणि तिच्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं.

आता माझा दिवस कसा जातो ते सांगते, कारण लेखात ज्याला शिस्त म्हटलं आहे ती मला याच मांजरांमुळे जमते. भुऱ्याचं इन्सुलिन बारा-बारा तासांनी असतं. आधी खाणं, मग सुई. त्यानं खाल्लं नाही तर नेहमीचा डोस तसाच द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. मोबाइलचा गजर बंद करून कूस बदलता येते. भुऱ्या भांड्याशी बसून जी हाक देतो ती बंद करता येत नाही. मी उठते, माझी साखर तपासते, मग त्याची. त्याच्यासाठी ग्लुकोमीटर वेगळा, जनावरांसाठी बनवलेला. माणसांचा मीटर मांजराची साखर बरेचदा खरीपेक्षा कमी दाखवतो. कानाची कड बोटांत धरून जरा ऊब द्यायची, कडेच्या बारीक शिरेजवळ टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा. तो हलत नाही. माझ्या मांडीवर डोकं टेकून नंतरच्या खाऊची वाट पाहतो.

एक गोष्ट इथे ठळकपणे लिहायला हवी. त्याच्या इन्सुलिनमध्ये एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, माझ्यात १००. सिरिंजही त्या-त्या मापाच्या. अदलाबदल झाली तर डोस अडीच पटींनी चुकतो, आणि अडीच पट इन्सुलिन जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याचा डबा लाल, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, आणि माझा निळा, खालच्या कप्प्यात. सुई भरण्याआधी बाटलीवरचं नाव मी मोठ्यानं वाचते. साखर उतरली तर मला थरथर होते, घाम फुटतो. तो लटपटतो, मलूल होतो. दोघांसाठी ग्लुकोजचं सिरप एकाच खणात आहे. त्याच्या हिरड्यांना ते चोळायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

लेखातल्या काळजीत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. मधुमेहात जखम सावकाश भरते आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. मांजराचे दात सुईसारखे, त्यामुळे चावा वरून किरकोळ दिसतो पण आत खोल गेलेला असतो. असा चावा घरच्या घरी मलम लावून सोडून देण्यासारखा नसतो. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. त्यात रेबीजचाही विचार असतोच, म्हणून दोन्ही मांजरांच्या लसींच्या तारखा मी माझ्या तपासण्यांच्या वहीतच लिहिते. ओरखड्यातून होणाऱ्या तापाचा जंतू मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो, म्हणून पिसवांचं औषध चुकवायचं नाही. मात्र कुत्र्यांसाठी असलेलं औषध मांजराला कधीच लावायचं नाही. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजर दगावू शकतं. नखांची फक्त पारदर्शक टोकं कापायची, आतला गुलाबी भाग सोडायचा. ट्रे रोज साफ करण्यामागेही कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस घेतात. गरोदर बाईनं किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसानं मात्र ट्रेचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं.

चिमीला पांघरुणाखाली हलणारी बोटं दिसली की ती झेपावते. माझ्या पायांची संवेदना थोडी कमी झाली आहे, म्हणजे ओरखडा उठला तरी मला कळेलच असं नाही. म्हणून घरात पायांत चप्पल, झोपताना मोजे आणि रात्री तळपायाखाली आरसा धरून तपासणी. ही तपासणी मला माझ्या डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितली होती. ती आता एकदाही चुकत नाही, याचं श्रेय चिमीचं. मग भुऱ्याचेही मागचे पाय पाहते. मधुमेहानं मज्जातंतू दुबळे झालेलं मांजर मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवून चालतं. भुऱ्याचं तसं झालं होतं. साखर ताब्यात आल्यावर तो हळूहळू पुन्हा चवड्यांवर चालू लागला, खुर्चीवर उडी मारू लागला. त्या उडीचा आनंद मला माझ्या स्वतःच्या चांगल्या रिपोर्टइतकाच झाला.

माझ्या गोळ्या मी टेबलावर मोकळ्या ठेवत नाही. घरंगळणारी गोळी चिमीला खेळणं वाटते. माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिची विल्हेवाट लावण्याची यकृताची ताकद मांजरांत फार कमी असते. फुलांचा गुच्छ कुणी आणला तर लिली तेवढी दारातूनच परत जाते. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले, तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

जेवणानंतर आम्ही खेळतो. काठीला दोरी, दोरीला पिस. मी ती घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते, चिमी दबा धरून मागे येते, भुऱ्या वळणावर थांबून आपली वेळ साधतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू साखर वापरतात, हे मला पाठ होतं, पण एकटीनं भिंतीपासून भिंतीपर्यंत चालण्यात माझं मन रमत नव्हतं. आता रमतं. खेळ संपला की दोरी कपाटात बंद, कारण गिळलेली दोरी मांजराचं आतडं कापू शकते. मग मी बसते. भुऱ्या समोर बसून माझ्याकडे बघतो, मी सावकाश डोळे मिटते आणि उघडते, तोही तसंच करतो. मांजरं अशा संथ उघडझापीला प्रतिसाद देतात, असं इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रयोगांती प्रसिद्ध केलं. आमची ती रोजची भेट आहे. तो झोपला की मी त्याच्या छातीची वर-खाली मिनिटभर मोजते. शांत झोपेत श्वास तिसाच्या आत असले म्हणजे निश्चिंत व्हायचं. मोजता मोजता माझाही श्वास लांब होतो, आणि दिवसभराची डोक्यातली हिशेबांची गडबड थांबते.

मांजराची घुरघुर हाडं सांधते, रक्तदाब उतरवते, असले दावे मी करणार नाही. वेदना होत असतानाही मांजर घुरघुरतं, त्यामुळे तो आवाज म्हणजे नेहमी सुखच असंही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, माझ्या हातातला उपचार नियमित राहतो तो या दोघांमुळे. लेखातल्या त्या एका वाक्यानं एखाद्या घरातून असा सोबती बाहेर गेला, तर त्या रुग्णाची दिनचर्याही त्याच्याबरोबर जाऊ शकते.

म्हणून आपल्याला विनंती. माणसांचे डॉक्टर आणि पशुवैद्य यांच्याकडून मिळून एक लेख लिहून घ्यावा. त्यात लसी, चावे, ट्रे, सुया यांबद्दल तर असावंच, पण आणखी एक गोष्ट जरूर असावी. रुग्णाला अचानक भरती व्हावं लागलं तर मांजराचं काय? एकटी राहणारी माणसं केवळ या प्रश्नापायी दवाखान्यात जायचं लांबवतात. मी फ्रिजवर एक कागद लावला आहे. घराची जादा किल्ली कुणाकडे, भुऱ्याचा डोस किती आणि कोणत्या डब्यातून, तो जेवला नाही तर काय करायचं, त्याच्या डॉक्टरांचा फोन, चिमी घाबरली की कुठे लपते. शेजारच्या वहिनींकडून हे सगळं एकदा माझ्यासमोर करूनही घेतलं आहे. अशा कागदाचा नमुना आपण चौकटीत छापलात, तर वाचकांना तो कापून भरता येईल.

आपली,
एक नियमित वाचक